श्रेष्ठ राज्य कोणतें?
(अमेरिकेंतील मुलींच्या बास्केटबॉलची हकीकत)

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत एक वाद असा आहे, कीं तो दरवर्षीं फेब्रुवारी-मार्च महिन्यांत नव्यानें पेटतो आणि एप्रिल उजाडला म्हणजे विझत नाहीं, नुसता राखेखालीं दडतो. मुलींच्या हायस्कुलांतील बास्केटबॉल कोणत्या राज्याचा श्रेष्ठ, हा तो वाद. कॅलिफोर्नियाचा मनुष्य आपल्या राज्यांत वाढलेल्या नामांकित खेळाडूंची यादी वाचून दाखवितो. टेनेसीचा आपल्या शिक्षकांची थोरवी गातो. टेक्सासचा तीनशें वस्तीच्या एका खेड्याचें नांव उच्चारून गप्प बसतो. आणि आयोवाचा म्हातारा शेतकरी, बाकीच्यांचें बोलून झाल्यावर, १९६८ सालच्या एका सामन्याची हकीकत सांगूं लागतो.

वाद मिटत नाहीं, कारण निवाडा देणारें पीठच कोठें नाहीं. पन्नासही राज्यांत माध्यमिक शाळांच्या खेळांचीं मंडळें निरनिराळीं आहेत. प्रत्येक राज्याचे अजिंक्यपदाचे सामने आपल्या सीमेच्या आंत सुरू होतात आणि तेथेंच संपतात. सर्व राज्यांचे विजेते एका पटांगणांत उतरले आणि शेवटीं एकच उरला, असें ह्या मंडळांच्या विद्यमानें घडत नाहीं. १९८२ सालीं निघालेल्या 'यू. एस. ए. टुडे' ह्या दैनिकानें पुढें देशांतील उत्तम पंचवीस संघांची क्रमवारी लावण्याचा प्रघात पाडला. परंतु क्रमवारी हें झालें मत, आणि मताला मत हें उत्तर नेहमींच तयार असतें.

तेव्हां आजच्या संघांची तुलना करून कांहीं हातीं लागत नाहीं. इतिहास उघडला म्हणजे मात्र ह्या वादाला निराळाच अर्थ येतो. कोणत्या राज्यांत मुली उत्तम खेळतात, ह्या प्रश्नाच्या पोटांत दुसरा, फार जुना प्रश्न आहे: कोणत्या राज्यानें मुलींना खेळूं दिलें, आणि कोणत्या राज्यानें पन्नास-साठ वर्षें दार लावून घेतलें?

खेळाचा जन्म १८९१ सालच्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स राज्यांतील स्प्रिंगफील्ड येथें झाला, हें सर्वश्रुत आहे. तेथील ख्रिस्ती तरुण संघाच्या शिक्षणसंस्थेंत जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें हिंवाळ्यांत घरांत कोंडल्या गेलेल्या तरुणांसाठीं पीचच्या दोन टोपल्या सज्जाला टांगल्या आणि तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. त्यानंतर थोड्याच महिन्यांत तेथून जवळच असलेल्या नॉर्थॅम्प्टनच्या स्मिथ महिला महाविद्यालयांत सेंडा बेरेन्सन ह्या व्यायामशिक्षिकेनें तो खेळ आपल्या विद्यार्थिनींना शिकविला. बेरेन्सनबाई मूळच्या लिथुआनियांतल्या. लहानपणीं अमेरिकेंत आलेल्या, प्रकृतीनें नाजूक, आणि व्यायामानेंच सुधारलेल्या. २२ मार्च १८९३ रोजीं त्यांच्या महाविद्यालयांत पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना झाला. पुरुषांना आंत प्रवेश नव्हता.

बेरेन्सनबाईंना खेळ हवा होता, पण झोंबाझोंबी नको होती. त्यांनीं पटांगणाचे तीन भाग पाडले आणि प्रत्येक मुलीनें आपल्या भागांतच राहावें असें ठरविलें. दुसरीच्या हातांतून चेंडू हिसकावून घ्यावयाचा नाहीं, तो तीन सेकंदांहून अधिक वेळ धरावयाचा नाहीं, तीनांहून अधिक वेळां जमिनीवर आपटावयाचा नाहीं, असे निर्बंध आले. त्या काळच्या लोकमताचा विचार करतां ही मोठी शहाणपणाची तडजोड होती, असेंच म्हटलें पाहिजे. तिच्यावांचून खेळ वर्षभरांत बंद पडता. परंतु पटांगणावर आंखलेली ती रेघ पुढें शंभर वर्षें पुरी पुसली गेली नाहीं.

कॅलिफोर्नियाचा हक्क येथूनच सुरू होतो. ४ एप्रिल १८९६ रोजीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें स्टॅनफर्ड व बर्कले ह्या दोन विद्यापीठांच्या मुलींमध्यें सामना झाला. एकेका बाजूला नऊ मुली होत्या. स्टॅनफर्डनें तो दोन विरुद्ध एक अशा गुणांनीं जिंकला. दोन विद्यापीठांतील स्त्रियांचा हा पहिला सामना. येथेंही प्रेक्षक म्हणून स्त्रियाच काय त्या होत्या.

आजच्या वादांत जिचें नांव क्वचितच निघतें अशा माँटॅना राज्याचा हक्क तर याहून हृदयाला भिडणारा आहे. फोर्ट शॉ येथें सरकारनें आदिवासी इंडियन मुलांसाठीं निवासी शाळा चालविली होती. मुलांना आईबापांपासून दूर न्यावें, त्यांची भाषा सोडवावी, केस-कपडे बदलावेत, हें अशा शाळांचें धोरण. त्याची निर्भर्त्सना आज सर्वत्र होते. निरनिराळ्या जमातींतून आलेल्या तेथल्या मुलींनीं बास्केटबॉलचा संघ उभा केला आणि राज्यांतील एकामागून एक संघ जिंकले. १९०४ सालीं सेंट लुई येथें जागतिक प्रदर्शन भरलें. प्रदर्शनाच्या आवारांत ह्या मुलींनीं एका नमुनेदार इंडियन शाळेंत राहून लोकांना गाणीं, कवाईत आणि पाठ करून दाखवावेत, अशी योजना होती. म्हणजे त्या स्वतःच प्रदर्शनांतील एक वस्तु. त्याच मुलींनीं सेंट लुईच्या निवडक गोऱ्या खेळाडूंचा पराभव करून 'जगज्जेत्या' हा किताब मिळविला. १९१० सालीं ती शाळा बंद पडली. शाळेनें त्यांच्यापासून काय काय हिरावून घेतलें त्याचा हिशेब मोठा आहे, पण हा विजय त्यांचा स्वतःचा होता.

विसाव्या शतकाच्या आरंभीं खेड्यापाड्यांतून मुलींचे संघ झपाट्यानें वाढले आणि त्याबरोबरच विरोधही वाढला. इलिनॉय राज्यानें तर त्या शतकाच्या पहिल्या दशकांतच शाळाशाळांमधील मुलींचे सामने बंद केले. विरोध करणारे सगळेच जुनाट वळणाचे पुरुष होते असें समजण्याचें कारण नाहीं. १९२३ सालीं एका राष्ट्रीय हौशी क्रीडासंघाची स्त्रीशाखा निघाली; तिच्या अध्वर्यू लू हेन्री हूव्हर, म्हणजे पुढें राष्ट्राध्यक्ष झालेल्या हर्बर्ट हूव्हर यांच्या पत्नी. ह्या विदुषींचें म्हणणें असें, कीं मूठभर मुलींनीं प्रेक्षकांच्या टाळ्यांसाठीं आणि तिकिटांच्या पैशासाठीं जिवापाड खेळावें, पुरुष शिक्षकांनीं त्यांना दामटावें, आणि उरलेल्या शेंकडों मुलींनीं बाकावर बसून पाहावें, हें शिक्षण नव्हे. प्रत्येक मुलीला खेळ मिळाला पाहिजे. ह्या म्हणण्यांतला पहिला भाग खरा होता. तिकिटांच्या पेटीवर डोळा ठेवून मुलींना राबविणारे लोक त्या काळीं होते आणि पुढेंही निघाले. पण परिणाम काय झाला? स्पर्धा बंद झाल्या, आणि त्यांच्या जागीं 'प्रत्येक मुलीला खेळ' बहुतेक ठिकाणीं आलाच नाहीं. एकामागून एक राज्यांनीं मुलींचीं अजिंक्यपदें रद्द केलीं. बाईंचा हेतु चांगला होता. दार बंद करण्यास मात्र तोच उपयोगीं पडला. आणि योगायोग असा, कीं लू हेन्री ह्यांचा जन्म आयोवा राज्यांतील वॉटर्लू गांवचा.

आयोवा हें राज्य देशाच्या मध्यभागीं आहे. क्षेत्रफळानें तें महाराष्ट्राच्या निम्म्याहून किंचित् कमी आणि लोकवस्ती आज सुमारें ३२ लाख, म्हणजे मुंबईच्या एका भागांत सहज मावावी इतकी. मका आणि डुकरें ह्यांवर तेथील संसार चालतो. १९२० सालीं डि मॉइन ह्या राजधानींतील ड्रेक विद्यापीठांत मुलींच्या शाळांचे पहिले राज्यव्यापी सामने झाले आणि करेक्शनव्हिल नांवाच्या गांवानें ते जिंकले. (जमिनीच्या मोजणींतील चूक दुरुस्त करणारी रेघ ह्या गांवावरून जाते, म्हणून त्याचें हें नांव.) पांच वर्षें सामने चालले. १९२५ सालीं राज्याच्या क्रीडामंडळानें, वारा वाहत होता त्याच दिशेनें जाऊन, मुलींचे सामने पुढें भरवावयाचे नाहींत असा ठराव केला.

येथें आयोवाची वाट इतरांपासून फुटते. मोठ्या शहरांतील शाळांनीं ठराव मान्य केला. लहान गांवांतील शाळाधिकाऱ्यांनीं मानला नाहीं. आयोवांतून मुलींचा बास्केटबॉल घालवूं पाहणारा मनुष्य आगगाडीसमोर रुळांवर उभा राहणारा समजावा, अशा आशयाचा इशारा त्यांपैकीं एकानें सभेंतच दिला. ही मंडळी बाहेर पडली आणि १९२६ सालीं त्यांनीं केवळ मुलींच्या खेळासाठीं एक स्वतंत्र राज्यव्यापी मंडळ उभारलें. तसें मंडळ दुसऱ्या कोठल्याही राज्यांत नव्हतें. खेड्यांतल्या ह्या पुरुषांना स्त्रीस्वातंत्र्याची कांहीं विशेष कळकळ होती असें नाहीं. शेतावर आईबापांबरोबर गवताच्या पेंढ्या उचलणारी मुलगी चेंडू फेकल्यानें मोडून पडेल, हें त्यांना पटेना, इतकेंच. शिवाय हिंवाळ्यांत गांवाला दुसरी करमणूक नव्हती. आणि ज्या शाळेंत सगळ्या मिळून वीसपंचवीस मुली, तेथें बहुतेक प्रत्येकीला संघांत जागा होती. हूव्हरबाईंना हवें होतें तें, ज्यांना त्यांचा विरोध होता त्या सामन्यांनींच ह्या लहान गांवांतून साधलें.

आयोवाच्या मुली ज्या नियमांनीं खेळत ते श्रोत्यांना नीट कळले पाहिजेत, एरवीं पुढील आंकडे खोटे वाटतील. एका संघांत सहा मुली. पटांगणाच्या मधोमध रेघ. तिघी चढाईच्या, तिघी बचावाच्या. चढाईच्या तिघींनीं रेघ ओलांडून मागें यावयाचें नाहीं, आणि बचावाच्या तिघींनीं पुढें जावयाचें नाहीं. चेंडू हातांत आला कीं दोनदां जमिनीवर आपटावा, नंतर तो दुसरीकडे द्यावा किंवा टोपलींत टाकावा. बचावाच्या मुलीला संबंध कारकीर्दींत एकही गुण मिळविण्याची संधि येत नसे. तिचें सारें कौशल्य दुसऱ्या बाजूचा गुण चुकविण्यांत. उलट चढाईची मुलगी थकत नसे, कारण तिला अर्ध्याच पटांगणांत वावरावयाचें; तिची नेमबाजी त्यामुळें विलक्षण तरबेज होई. नुसतें बेरेन्सनबाईंचें बंधन म्हणून जी रेघ आली, तिच्यांतून आयोवानें एक वेगळाच, वेगवान् आणि प्रेक्षणीय खेळ घडविला.

१९५५ सालीं डि मॉइन येथें दिवंगत सैनिकांच्या स्मरणार्थ एक प्रचंड सभागृह बांधलें गेलें. मार्चमधील त्या एका आठवड्यांत त्यांतील सुमारें पंधरा हजार जागा मुलींच्या सामन्यांसाठीं भरून जात. मुलांच्या सामन्यांना इतकी गर्दी होत नसे, ही गोष्ट आयोवाचे लोक अजून मोठ्या खुशींत सांगतात. १९५४ पासून जवळजवळ अर्धशतक मंडळाचे कार्यवाह असलेले ई. वेन कूली हे मोठे कल्पक गृहस्थ. मिरवणूक, बँड, दिव्यांचे झोत, दूरचित्रवाणी, सारा थाट त्यांनीं उभा केला. हजार वस्तीच्या गांवाचा संघ तेथें पोहोंचला म्हणजे गांवांत दूध काढण्यापुरतेंच कोणी मागें राही, असें थट्टेनें म्हणत.

१९६८ सालचा अंतिम सामना ह्या इतिहासाचें शिखर. एका बाजूला युनियन-व्हिटन ही जोडगांवांची शाळा, तिची चढाईची खेळाडू डेनीस लाँग. दुसऱ्या बाजूला एव्हर्ली, तिची जीनेट ओल्सन. ठरलेली वेळ संपली तेव्हां गुण समसमान होते. वाढीव वेळांत युनियन-व्हिटननें ११३ विरुद्ध १०७ असा जय मिळविला. त्यांत लाँगचे गुण ६४, आणि हरलेल्या बाजूच्या ओल्सनचे ७६. पुढल्या वर्षीं सॅन फ्रॅन्सिस्कोच्या पुरुषांच्या धंदेवाईक संघानें डेनीस लाँगचें नांव आपल्या निवडींत घातलें. संघटनेच्या आयुक्तांनीं ती निवड रद्द केली. सगळ्या शालेय कारकीर्दींत तिनें ६,२५० गुण मिळविले होते. १९८७ सालीं लिन लॉरेन्झन ह्या व्हेंच्युरा गांवच्या मुलीनें ६,७३६ गुणांवर तो विक्रम नेऊन ठेवला.

आयोवाच्या वैभवाची दुसरी बाजू झांकून चालणार नाहीं. ज्या शहरी शाळांनीं १९२५ सालचा ठराव मान्य केला, त्यांच्या मुलींना कित्येक दशकें हें पटांगण दिसलेंच नाहीं. खेड्यांतली मुलगी राज्यांत प्रसिद्ध, आणि राजधानींतली मुलगी प्रेक्षकांत, असा उलटा न्याय तेथें होता. शिवाय शाळा सुटली कीं खेळही सुटला. सहाजणींचा खेळ पुढें महाविद्यालयांत नव्हता. बचावाच्या मुलीला तर तेथें कोण विचारणार?

आयोवा हें एकटेंच दार उघडें होतें असेंही नाहीं. ओक्लाहोमा राज्यांत बिंग नांवाच्या लहानशा गांवीं बर्था टीग ह्या शिक्षिकेनें १९२७ पासून १९६९ पर्यंत मुलींना शिकविलें. ह्या काळांत तिच्या संघांनीं ११५७ सामने जिंकले, ११५ हरले आणि आठ वेळां राज्याचें अजिंक्यपद मिळविलें. १९८५ सालीं बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरांत स्त्रियांना प्रथम स्थान मिळालें, तेव्हां सेंडा बेरेन्सन ह्यांच्याबरोबर ह्याच टीगबाई होत्या. लुइझियाना राज्यांतील बास्किन ह्या गांवच्या मुलींनीं १९४७ पासून १९५३ पर्यंत ओळीनें २१८ सामने जिंकले. शाळेच्या मुली दर चार वर्षांनीं बदलतात हें ध्यानांत घेतलें, म्हणजे ह्या आंकड्याची किंमत कळते.

टेक्सास आणि टेनेसी ह्यांचें भांडण मात्र एकदां पटांगणावर सुटलें. टेक्सासच्या उत्तरेकडील सपाट, वाऱ्याच्या प्रदेशांत प्लेनव्ह्यू येथें वेलँड बॅप्टिस्ट महाविद्यालय आहे. आसपासच्या खेड्यांतल्या उंचनिंच शेतकरी मुली तेथें येत. एका स्थानिक विमानव्यावसायिकानें त्यांना सामन्यांना नेण्यासाठीं आपलीं विमानें दिलीं, म्हणून त्यांना 'उडत्या राण्या' हें नांव पडलें. १९५३ ते १९५८ ह्या काळांत त्यांनीं सलग १३१ सामने जिंकले. ही मालिका तोडली ती टेनेसींतील नॅशव्हिल बिझिनेस कॉलेजच्या संघानें, आणि त्या संघांत होती नेरा व्हाइट. टेनेसीच्या मेकन परगण्यांतील शेतकऱ्याची ही लेक. पुढें १९९२ सालीं ती कीर्तिमंदिरांत गेली. हायस्कुलांचा हा सामना नव्हे खरा. पण दोन्ही संघांत त्या त्या प्रदेशांतील शाळांच्याही मुली होत्या. ह्या दोन राज्यांचा निवाडा याहून जवळ कधीं आला नाहीं.

प्लेनव्ह्यूपासून थोड्या अंतरावर नॅझरेथ हें खेडें आहे. जर्मन कॅथॉलिक शेतकऱ्यांचें, सुमारें तीनशें वस्तीचें. १९७७ पासून ह्या खेड्याच्या मुलींनीं आपल्या गटांतील राज्याचें अजिंक्यपद वीसांहून अधिक वेळां जिंकलें आहे. टेक्सासचा मनुष्य ज्या नांवानंतर गप्प बसतो, तें हें नांव.

टेनेसीमध्यें सहाजणींच्या खेळावर वाद न्यायालयांत गेला. ओक रिज येथील एका बचावाच्या मुलीनें १९७६ सालीं फिर्याद केली, कीं मुलांना जो खेळ पूर्ण पटांगणावर खेळतां येतो तो मुलींना अर्ध्यावर खेळावा लागतो, आणि त्यामुळें महाविद्यालयाची शिष्यवृत्ति हातची जाते. खालच्या न्यायालयानें तिचें म्हणणें मान्य केलें. वरिष्ठ न्यायालयानें १९७७ सालीं तो निर्णय फिरविला. पण लोकमत फिरलें होतें, आणि १९७९ सालीं टेनेसीच्या शाळा पांचजणींच्या खेळाकडे वळल्या. ह्या बदलासाठीं झगडणाऱ्यांत टेनेसी विद्यापीठाची तरुण शिक्षिका पॅट समिट होती. तिची स्वतःची गोष्ट बोलकी आहे. ती राहत होती तेथील हायस्कुलांत मुलींचा संघ नव्हता. तेव्हां तिच्या शेतकरी बापानें सगळें बिऱ्हाड जवळच्या परगण्यांत हलविलें, मुलीला खेळतां यावें म्हणून. एवढ्यावर त्या बापाचें नांव इतिहासांत राहिलें पाहिजे. समिटबाई २०१२ सालीं निवृत्त झाल्या तेव्हां त्यांच्या खात्यावर १०९८ विजय आणि ८ राष्ट्रीय अजिंक्यपदें होतीं.

ह्या सगळ्या चित्राला कलाटणी मिळाली ती २३ जून १९७२ रोजीं. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेंत लिंगभेद करतां येणार नाहीं, असें सांगणारें शिक्षणकायद्याचें नववें प्रकरण त्या दिवशीं राष्ट्राध्यक्ष निक्सन ह्यांच्या सहीनें अमलांत आलें. कायद्याच्या त्या वाक्यांत खेळाचा शब्दही नव्हता. त्या सुमारास सबंध देशांत हायस्कुलांच्या संघांतून खेळणाऱ्या मुली होत्या सुमारें २ लाख ९४ हजार, आणि मुलें ३६ लाखांहून अधिक. २०१८-१९ सालीं मुलींची ही संख्या ३४ लाख झाली होती.

आतां दारें धडाधड उघडलीं. इंडियाना हें राज्य बास्केटबॉलवेडें म्हणून जगभर प्रसिद्ध. तेथें मुलांचे राज्यव्यापी सामने १९११ पासून, आणि मुलींचे १९७६ पासून. मधलीं पासष्ट वर्षें तेथील मुलींनीं काय केलें असेल? टाळ्या वाजविल्या. इलिनॉयनें १९७७ सालीं, आणि कॅलिफोर्नियानें तर थेट १९८१ सालीं मुलींचें राज्य-अजिंक्यपद सुरू केलें. म्हणजे १८९६ सालीं पहिला मान मिळविणारें कॅलिफोर्निया आयोवाच्या एकसष्ट वर्षें मागें होतें.

पण एकदां सुरुवात झाल्यावर कॅलिफोर्नियानें जें दाखविलें तें डोळे दिपविणारें आहे. रिव्हरसाइड येथील शेरिल मिलर हिनें २६ जानेवारी १९८२ रोजीं एका सामन्यांत १०५ गुण मिळविले. तिच्या चार वर्षांत तिची शाळा १३२ सामने जिंकली आणि अवघे ४ हरली. इंगलवुड येथील लिसा लेस्ली हिनें ७ फेब्रुवारी १९९० रोजीं पहिल्या अर्ध्या डावांतच १०१ गुण केले, आणि दुसऱ्या अर्ध्यासाठीं प्रतिस्पर्धी संघ पटांगणांत आलाच नाहीं. पुढें २००६ सालीं न्यूयॉर्कच्या एपिफनी प्रिन्सनें ११३ गुण करून त्या दोघींवर ताण केली. हे आंकडे वादांत हटकून फेंकले जातात. पण त्यांचा पुरावा म्हणून उपयोग करणारानें जरा थांबावें. मिलरच्या त्या सामन्यांतील गुणफलक १७९ विरुद्ध १५ असा होता. खेळाडू असामान्य होती ह्यांत शंका नाहीं. परंतु जेथें एका शाळेला १७९ आणि शेजारच्या शाळेला १५, तेथें राज्याचा दर्जा कोणत्या शाळेवरून मोजावयाचा? ६४ आणि ७६ ह्या आंकड्यांचें मोल निराळें आहे, कारण ते एकाच सामन्यांत समोरासमोर उभे होते.

दुसरी अडचण अलीकडची. पूर्वीं गांवची मुलगी गांवच्या शाळेंत खेळे. आतां नामांकित खेळाडूला खासगी शाळा आणि क्रीडाविद्यालयें दूरदूरच्या राज्यांतून ओढून नेतात; उन्हाळ्यांत ती शाळेच्या नव्हे, भलत्याच संघाकडून देशभर खेळते. बिऱ्हाडें तर नेहमींच हलत आलीं. टमिका कॅचिंग्स ही थोर खेळाडू इलिनॉयमध्यें असतांना तेथील, आणि टेक्सासला गेल्यावर तेथील अजिंक्यपद जिंकणाऱ्या संघांत होती. तिला कोणाच्या पारड्यांत टाकावयाची? नुसत्या उत्तम खेळाडूंची संख्या मोजावी, तर चार कोटि वस्तीचें कॅलिफोर्निया आणि तीन कोटींचें टेक्सास ह्यांच्यापुढें कोणी टिकणार नाहीं, आणि मग वाद घालण्याचीही गरज उरत नाहीं. शिरगणतीचा तक्ता पाहिला म्हणजे झालें.

संख्येचा तक्ता बाजूला ठेवून, सबंध शतकाचा हिशेब मांडावयाचा असेल, तर पारडें आयोवाच्या बाजूनें झुकतें. जेव्हां मुलींना खेळूं देण्यांत कांहीं प्रतिष्ठा नव्हती, उलट शिकलेल्या लोकांचा रोष होता, तेव्हां तेथील खेड्यांनीं सामने चालू ठेवले. मुलीचा खेळ पाहण्यासाठीं तिकीट काढून रांगेंत उभें राहणें हें तेथें तीन पिढ्यांच्या अंगवळणीं पडलें. ह्या संवयीचें फळ पुढें दिसलें. ३ फेब्रुवारी १९८५ रोजीं आयोवा विद्यापीठाच्या मुलींचा ओहायो राज्य विद्यापीठाशीं सामना झाला, त्याला २२,१५७ लोक आले. स्त्रियांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलला तोंवर एवढी गर्दी कोणी पाहिली नव्हती. सहाजणींचा खेळ पाहत वाढलेली पिढीच त्या बाकांवर बसली होती.

सहाजणींचा खेळ स्वतः मात्र तोंवर अखेरच्या पायरीवर येऊन ठेपला होता. १९८४-८५ पासून आयोवांत शाळांना पांचजणींचा खेळ निवडण्याची मोकळीक मिळाली. मोठ्या शाळा गेल्या; लहान गांवें जुन्याला चिकटून राहिलीं. १९९३ सालीं शेवटचे सहाजणींचे सामने झाले आणि हबर्ड-रॅडक्लिफ ही शाळा शेवटची विजेती ठरली. ओक्लाहोमानें आणखी दोन वर्षें कळ काढली. १९९५ सालीं तेथेंही ती रेघ पुसली गेली. न्याय झाला, ह्यांत संशय नाहीं. बचावाच्या मुलीलाही आतां टोपली दिसूं लागली. तरी जुनीं माणसें हळहळलीं, आणि त्यांची हळहळ समजण्यासारखी आहे.

ह्या वादांत आयोवाला अलीकडे नवा पुरावा मिळाला तो केटलिन क्लार्क हिच्या रूपानें. वेस्ट डि मॉइन येथील डाउलिंग कॅथॉलिक हायस्कुलांतून ती आयोवा विद्यापीठांत गेली आणि २०२४ सालीं शिक्षण संपवितांना तिच्या नांवावर ३,९५१ गुण होते. महाविद्यालयीन खेळाच्या पहिल्या विभागांत इतके गुण स्त्रीनें वा पुरुषानें कोणींच मिळविले नव्हते. त्या वर्षींचा स्त्रियांचा अंतिम सामना दूरचित्रवाणीवर सुमारें १ कोटि ८९ लाख लोकांनीं पाहिला. पुरुषांच्या सामन्याला तितके प्रेक्षक लाभले नाहींत. तिची ही शाळा १९७२ पर्यंत केवळ मुलांची होती.

आणि ज्या खेड्यांनीं हें सारें उभें केलें, तीं मात्र ओसरत चाललीं आहेत. शेतें मोठीं झालीं, माणसें कमी झालीं, आणि ओस पडूं लागलेल्या शाळा एकमेकींत मिळवाव्या लागल्या. हबर्ड-रॅडक्लिफच्या मुली आतां साउथ हार्डिन ह्या नांवानें खेळतात. युनियन-व्हिटन ही शाळाही उरलेली नाहीं. बीमन, कॉनरॅड, लिस्कम, युनियन आणि व्हिटन अशा पांच गांवांची मिळून एक शाळा झाली, आणि कोणत्याच गांवाचा रुसवा नको म्हणून पांचांचीं आद्याक्षरें जोडून तिचें नांव 'बी. सी. एल. यू. डब्ल्यू.' असें ठेवलें. डेनीस लाँगच्या शाळेचीं त्यांत शेवटचीं दोन अक्षरें आहेत.